वाचक विचारतात : बेटावरचे गोडे पाणी, देणगीतले यंत्र आणि ते चालवणारे हात

गोव्यातल्या मांडवी नदीच्या पात्रातल्या चोडण, दिवाडी, जुवे, वांशी, कुंभारजुवे या बेटांवरून पाणी आणि प्रशिक्षण या दोन विषयांवर आलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे दिली आहेत. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : आमच्या वाड्यावर साधारण अडीचशे घरे. नळ आहे, पण शेवटच्या घरांपर्यंत दाब पोचत नाही आणि मे महिन्यात सार्वजनिक विहीर मचूळ होते. एका सेवाभावी संस्थेने ताशी ५०० लिटरचा आरओ (खारे पाणी पडद्यातून गाळून गोडे करणारा) प्रकल्प फुकट देऊ केला आहे. पंचायतीने घ्यावा का? – एक पंचसदस्य, चोडण

होकार देण्याआधी विहीर मोजा. हातात मावणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) काही शे रुपयांत मिळतो. जानेवारीपासून पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत दर पंधरा दिवसांनी चार नमुने घ्या : भरतीला एक वरचा आणि एक तळाचा, ओहोटीला पुन्हा तसेच दोन. तळाचा नमुना घ्यायला काचेच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा आणि बाटली तळाशी गेली की बूच ओढा. आकडे वहीत तारीख, वेळ आणि पंप किती तास चालला यांसह लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत.

ही वही महत्त्वाची, कारण बेटावरची विहीर खारी होण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. वरचे पाणी गोडे आणि तळाचे खारे असेल तर उपसा जास्त होतो आहे. बेटाखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके असल्यामुळे भूजल समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर टिकतो, असे ढोबळ गणित आहे. त्याची दुसरी बाजू कठीण आहे : पातळी थोडी खाली ओढली की खालचे खारे पाणी कितीतरी पट वर येऊ लागते. दुसरे कारण भरती-ओहोटीच्या नमुन्यांतून कळते. भरतीला आकडा चढत असेल आणि विहीर खाजनाच्या (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) कडेला असेल, तर बांधाला भगदाड आहे का, मानशीचे (बांधातल्या पाणदाराचे) दार नीट बसते का, ते पाहा. ओहोटीला उघडणारे आणि भरतीला आपोआप मिटणारे ते दार कुजले किंवा त्यात ओंडका अडकला की खाडीचे पाणी शेतात शिरते आणि मग जमिनीतून विहिरीपर्यंत पोचते. अशा वेळी देणगीचा पैसा यंत्रात घालणे चूक आहे. शेतकरी संघटनेला घेऊन कृषी संचालनालयाच्या मृदसंधारण विभागाकडे जा.

आता ५०० लिटरच्या यंत्राचे गणित. अडीचशे घरांना पिण्या-स्वयंपाकासाठी रोज २० लिटर म्हणजे ५००० लिटर, यंत्र दहा तास चालणार. मचूळ पाण्यावरचे असे यंत्र साधारण निम्मे पाणी गोडे करून देते आणि निम्मे अधिक खारे होऊन बाहेर टाकते. म्हणजे विहिरीतून रोज १०,००० लिटर उपसावे लागेल. तुमच्या विहिरीचा व्यास चार मीटर असला तर तिचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे झऱ्यांनी भर घातली नाही तर पातळी दिवसाला ८० सेंटिमीटर उतरेल. मे महिन्यात झरे मंद असतात. खारेपणावर उपाय म्हणून आणलेले यंत्रच विहीर अधिक खारी करील. ही गोष्ट यंत्र विकणारा सांगत नाही आणि देणाऱ्या संस्थेला बहुधा माहीतही नसते.

नळ असताना आमचे स्पष्ट मत असे : त्या संस्थेला विनंती करा की आरओऐवजी वाड्याच्या शेपटाला १०,००० लिटरची जमिनीतली टाकी आणि एक अश्वशक्तीचा पंप द्या. रात्री मागणी कमी असते तेव्हा दाब बरा असतो. टाकी फ्लोट व्हॉल्व्हने आपोआप भरू द्या आणि सकाळी तिथून वाटा. मुख्य नळाला थेट पंप लावू नका. त्याने वरच्या घरांचे पाणी ओढले जाते आणि पाइपात निर्वात होऊन गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत शिरते. जोडणीसाठी पाणीपुरवठा खात्याची लेखी परवानगी घ्या.

जिथे नळ पोचूच शकत नाही तिथे आरओ घ्यावाच लागेल. तो २५० लिटरचा घ्या. विहिरीतला पंप तळाशी न सोडता फ्लोटला टांगून वरच्या दोन-तीन फुटांतून पाणी ओढा. टाकाऊ खारे पाणी विहिरीत, भातशेतात किंवा माडांच्या आळ्यात सोडू नका. बांधापलीकडे भरतीच्या पाण्यात सोडण्याचा मार्ग काढा, पण किनारी क्षेत्राचे नियम लागू होत असल्याने परवानगी आधी घ्या. नवी विहीर किंवा कूपनलिका घ्यायची असेल तर गोव्याच्या २००२च्या भूजल नियमन कायद्याखाली जलस्रोत खात्याकडे अर्ज लागतो.

प्रश्न : आमच्याकडे देणगीतून बसवलेला आरओ पहिल्या वर्षातच बंद पडला. पाणी आधी कमी येऊ लागले, मग चवही बिघडली. कंपनीचा माणूस "मेम्ब्रेन गेले" (म्हणजे क्षार गाळणारा पडदा निकामी झाला) म्हणतो. कशामुळे गेले? – स्वयंसाहाय्य गटाच्या सदस्या, दिवाडी

तुम्ही दिलेल्या खुणांवरून दोन वेगळे दोष एकामागून एक झालेले दिसतात.

पाणी कमी येणे हे चोंदण्याचे लक्षण. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असू शकते. पाणी वर येताना हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि तो मेम्ब्रेनवर बसतो. खाऱ्या पाण्यातल्या चुन्याचाही थर बसतो. ते अडवायला आधी वाळूचा फिल्टर, मग ५ मायक्रॉनचे कार्ट्रिज आणि क्षार न साठू देणाऱ्या औषधाचा छोटा डोझिंग पंप असतो. या औषधाचा डबा रिकामा झाला तरी यंत्र चालूच राहते, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. वाळूचा फिल्टर रोज किंवा निदान एक दिवसाआड दहा-पंधरा मिनिटे उलट प्रवाहाने धुवावा. कार्ट्रिजच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांतला फरक नव्या कार्ट्रिजपेक्षा अर्ध्या किलोने वाढला की ते बदलावे, महिना भरला की नाही ते पाहत बसू नये.

चव बिघडणे, म्हणजे गोड्या बाजूचा टीडीएस वाढणे, हे मेम्ब्रेन फाटल्याचे किंवा जळल्याचे लक्षण. याचे एक कारण आपल्या गावांत सहज घडते : पावसाळ्यात कोणीतरी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकते आणि तेच पाणी यंत्रात जाते. आजची बहुतेक मेम्ब्रेने पॉलिअमाइडची असतात आणि त्यांना क्लोरीन सोसत नाही. विहिरीत पावडर टाकली की यंत्र बंद ठेवा आणि क्लोरीन शून्य दिसेपर्यंत सुरू करू नका. मधे कार्बन फिल्टर असेल तर तो क्लोरीन धरतो, पण जुना कार्बन कामाचा राहत नाही. म्हणून मोजूनच खात्री करा.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रात ओझरती आली आहे : पावसाळ्यात यंत्र चार महिने बंद होते. ओले मेम्ब्रेन तसेच ठेवले की त्यात जिवाणूंची शेवाळी साय धरते. आठवड्याहून अधिक बंद ठेवायचे असेल तर १ टक्का सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणाने, म्हणजे १०० लिटर गोड्या पाण्यात १ किलो, मेम्ब्रेनचे घर भरून झडपा बंद कराव्यात आणि ते द्रावण महिन्याने बदलावे. सुरू करताना पहिल्या तासाभराचे पाणी टाकून द्यावे. तेही शक्य नसेल तर रोज अर्धा तास यंत्र चालवा.

नवे मेम्ब्रेन मागण्याआधी कच्च्या पाण्याचा लोह, कठीणपणा आणि क्लोराइडचा अहवाल प्रयोगशाळेतून घ्या. तो नसताना बसवलेले नवे मेम्ब्रेनही याच वाटेने जाईल. देणगीदाराशी पुन्हा बोलाल तेव्हा तीन वर्षांचा देखभाल करार, सुट्या भागांचा संच आणि गावातल्या दोघांचे प्रशिक्षण हे तिन्ही देणगीतच मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका. यंत्र देणे हे सगळ्यात सोपे काम आहे.

प्रश्न : विहिरीत ब्लीचिंग पावडर नेमकी किती टाकावी? प्रत्येक जण वेगळे सांगतो. – आरोग्य सेविका, जुवे

व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ०.७८५ ने गुणा, आलेल्या घनमीटरांना १००० ने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि अडीच मीटर पाणी असेल तर सुमारे १७,७०० लिटर. चांगल्या, म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचे प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. म्हणजे या विहिरीला साधारण ४५ ग्रॅम. गोव्याच्या दमट हवेत पावडर लवकर मरते. उघडे पोते, गोळे झालेली, वास न येणारी पावडर ३३ टक्के धरू नका. छोट्या सीलबंद पिशव्या घ्या.

पावडर थेट विहिरीत फेकणे हीच सगळ्यात मोठी चूक. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त न घेता थोड्या पाण्यात तिची लापशी करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि पाच-दहा मिनिटे निवळू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा, तळाचा चुना टाकून द्या. ही बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवी हलवा, म्हणजे औषध तळापर्यंत जाते. तासभर कोणी पाणी काढू नये. मग क्लोरीन तपासा : लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसले पाहिजे. कमी दिसले तर तेवढीच मात्रा पुन्हा द्या. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होते, म्हणून पुरानंतर आधी विहीर उपसून गाळ काढा. काम संध्याकाळी केले तर रात्रभर विहीर मोकळी राहते.

घरच्या लहान विहिरीला, ४५०० लिटरच्या आसपास, दोन मडक्यांची रीत चांगली. १ किलो पावडर आणि २ किलो जाड वाळू ओलसर कालवून आतल्या मडक्यात भरतात. त्याला वरच्या बाजूला १ सेंटिमीटरचे भोक. ते मडके मोठ्या मडक्यात ठेवतात, ज्याला तळापासून ४ सेंटिमीटरवर भोक असते. तोंडे प्लास्टिकने बांधून पाण्याखाली निदान एक मीटर टांगायची. दोन-तीन आठवडे पुरते.

प्रश्न : शाळेच्या छपराचे पावसाचे पाणी साठवायला माजी विद्यार्थी मदत करायला तयार आहेत. १२० मुले, छप्पर ८० चौरस मीटर, मंगळुरी कौले. किती मोठी टाकी? – मुख्याध्यापिका

गोव्यात प्रश्न पावसाचा नसतो, साठवणीचा असतो. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कौलांवरून ८० टक्के हाती येतो असे धरले तरी तुमच्या छपरावरून वर्षाला १,९०,००० लिटर वाहून जातात. गरज मात्र वेगळी : १२० मुले, प्रत्येकी २ लिटर, टंचाईचे १०० दिवस म्हणजे २४,००० लिटर. तेवढीच टाकी हवी. एकच मोठी बांधू नका, ८००० लिटरच्या तीन बांधा. एक गळली किंवा खराब झाली तरी दोन उरतात.

बेटासाठी फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर सिमेंटचा गिलावा) आम्हाला सगळ्यात योग्य वाटते, कारण फेरीबोटीतून न्यायचे सामान कमी लागते. सिमेंट-वाळू १:२, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४ ते ०.४५ पट, त्याहून जास्त नाही. वाळू नदीची असेल तर धुऊन घ्या. खाडीची खारी वाळू जाळी गंजवते आणि दोन-तीन पावसांत गिलाव्याला तडे जातात. जाळीवर गिलाव्याचे आवरण सगळीकडे राहील याकडे गवंड्याच्या बाजूला उभे राहून लक्ष द्या. ओले गोणपाट लपेटून १४ दिवस पाणी मारा. काम एप्रिलअखेर संपले पाहिजे.

टाकी जूनच्या पहिल्या पावसाने भरायची नाही. ते पाणी शेवाळ, पाला, पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, शिवाय सहा महिने साठून राहते. जून-जुलैचे पाणी धुण्या-संडासाला वापरा, ऑगस्टच्या सुरुवातीला टाकी रिकामी करून घासा आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरच्या धुतल्या छपराचे पाणी भरा. प्रत्येक सरीचे पहिले पाणी बाजूला काढायला १ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने ८० लिटरची सोय लागते. नुसता ११० मिलिमीटरचा उभा पाइप पुरत नाही, त्याच्या एका मीटरमध्ये आठ-साडेआठ लिटरच मावतात. १०० लिटरचा पिंप लावा आणि तळाला बारीक भोक ठेवा, म्हणजे पुढच्या सरीआधी तो आपसूक रिकामा होईल. हे भोक पाल्याने बुजते आणि मग सगळी घाण टाकीत जाते. ते साफ करणे कोणाचे काम, हे नावानिशी ठरवा.

पन्हळीला १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार, ओव्हरफ्लोचा पाइप आत येणाऱ्या पाइपाएवढाच, प्रत्येक तोंडाला डास न शिरतील अशी बारीक जाळी. नळ तळापासून १५ सेंटिमीटर वर. पिण्याआधी महिन्यातून एकदा एचटूएस बाटलीची चाचणी करा : पाणी भरून २४ ते ४८ तासांत काळे झाले तर जंतुदोष आहे, क्लोरीन देऊन पुन्हा तपासा. ही चाचणी आठवीची मुलेही नीट करू शकतात.

प्रश्न : गावचे बरेच लोक इंग्लंडमध्ये आहेत. ते पाणी योजनेसाठी पैसे पाठवू इच्छितात. आमच्या मंडळाच्या खात्यावर घ्यावेत का? – एका क्रीडा व सांस्कृतिक मंडळाचे खजिनदार

देणाऱ्याचा पासपोर्ट आधी विचारा. गोव्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अनेकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. पण पोर्तुगीज वा ब्रिटिश नागरिक झालेल्याची देणगी, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे) कार्ड असले तरी, परदेशीच ठरते. ती घ्यायला २०१०च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात कामावर निदान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. छोट्या मंडळाने एका ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागणे बरे. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि नोंदणीकृत संस्था तो दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. म्हणजे "मोठ्या संस्थेच्या खात्यावर घेऊ, ते आम्हाला देतील" हा मार्ग बंद आहे. परदेशातून पाठवलेले यंत्रही देणगीच धरले जाते.

कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. पिण्याचे पाणी आणि व्यवसाय प्रशिक्षण दोन्ही कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात बसतात, तेव्हा एकाच प्रस्तावात मांडा.

प्रश्न : देणगीतून बेटावर शिवणकामाचे वर्ग तीनदा झाले. प्रमाणपत्रे आहेत, काम नाही. चौथ्यांदा पैसे आले तर कशाचे प्रशिक्षण घ्यावे? – एक वाचक, कुंभारजुवे

ज्या कामासाठी आज बेटाबाहेरून माणूस बोलवावा लागतो आणि तो फेरीबोट चुकली म्हणून येत नाही, त्याचे. महिनाभर वही ठेवा : कोणाच्या घरी कोणता कारागीर बाहेरून आला आणि किती पैसे घेतले. बहुतेक बेटांवर पंप दुरुस्ती, नळजोडणी, घरची वीज, होडीचे इंजिन आणि फायबर होडीची दुरुस्ती ही कामे वर येतील.

पाण्याच्या कामासाठी जलजीवन मिशनमध्ये "नल जल मित्र" हा अभ्यासक्रम आहे. त्यात गवंडी, प्लंबर, वीज आणि पंप यांचे जोडकाम एकाच माणसाला शिकवतात. पाणी तपासणीच्या किटसाठी गावागणिक पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्याच मिशनमध्ये आहे. पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्या तरुणांसाठी आयटीआयचा प्लंबर एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. काम येते पण कागद नाही अशांना पूर्वकौशल्याची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळते. शाळा सोडलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानाचे लहान वर्ग असतात.

वर्ग बेटावरच भरवा आणि वेळ शेवटच्या फेरीबोटीवरून ठरवा, कारण शिक्षकाला परत जायचे असते. एका तुकडीत बारापेक्षा जास्त नकोत आणि दोघांमागे एक पंप उघडायला मिळाला पाहिजे. भंगारातले चार-पाच जळालेले सबमर्सिबल पंप हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगले पाठ्यसाहित्य आहे : वाइंडिंग कुठे जळले, इंपेलर वाळूने कसा झिजला, सील कुठून गळले, हे हाताने कळते. मजुरी बुडते त्याची भरपाई देणगीत धरा, नाहीतर सर्वांत गरजू माणूस दुसऱ्या आठवड्यात गळतो.

हत्यारे प्रत्येकाच्या हाती द्या, मंडळाच्या कपाटात कुलूपबंद नकोत. १४ आणि १८ इंची पाइप रेंच, अर्धा ते एक इंची आटे पाडायचा संच, हॅकसॉ, पाना संच, क्लॅम्प मीटर, इन्सुलेशन टेस्टर (पंपातून वीज गळते का ते दाखवणारा), टीडीएस मीटर आणि क्लोरीन तपासणीचा डबा एवढे पुरते. इन्सुलेशन टेस्टर यादीतून सगळ्यात आधी कापला जातो, पण ओल्या विहिरीवर काम करणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

शिकलेला मुलगा जहाजावर किंवा आखातात जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून प्रत्येक वाड्यावर दोघांना शिकवा आणि त्यात गावात राहणारी एक बाई असू द्या. पहिल्या महिन्यापासून पाणी समितीने ठरावीक मानधन द्यावे. समजा अडीचशे घरांनी महिन्याला ३० रुपये दिले तर ७,५०० रुपये जमतात. त्यातून एकीचे अर्धवेळ मानधन निघते. कार्ट्रिज, औषध आणि वीज यांचा खर्च वेगळा मांडा आणि दोन्ही हिशेब दर महिन्याला विहिरीजवळच्या फळ्यावर लिहा.